फाळक्यांच्या घरातला कारखाना

चि. ...... यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. नोकरीचा राजीनामा देऊन सातपूरला भाड्याच्या गाळ्यात खोकी छापण्याचा कारखाना सुरू करण्याचा तुझा विचार पक्का झाला, हे वाचून समाधान वाटले. यंत्राची किंमत, कागदाची उधारी आणि विजेचा भार यांविषयी तू जे विचारलेस, त्याची उत्तरे सोबतच्या कागदावर स्वतंत्र लिहिली आहेत. हे पत्र तुझ्या शेवटच्या प्रश्नासाठी आहे, कारण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एका अनुभवी कारखानदाराने तुला सांगितले की पहिली दहा वर्षे घर विसरायचे, सणवार विसरायचे आणि कामगारांसमोर हसायचे नाही, कारण मालक हसला की काम ढिले पडते. तुझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झाले आहे, आणि तुझा मूळचा स्वभाव नकला करण्याचा, चार माणसे जमवून गप्पा रंगवण्याचा आहे. हे सगळे बाजूला ठेवल्याशिवाय उद्योग होत नाही का, असे तू विचारतोस.

त्या गृहस्थांचा अनुभव त्यांच्यापुरता खरा असेल, पण तो नियम मानू नकोस. हसतखेळत, बायकामुलांना बरोबर घेऊन ज्याने नवा उद्योगच नव्हे तर एक अख्खा व्यवसाय या देशात जन्माला घातला, असा माणूस आपल्याच नाशिक जिल्ह्यात होऊन गेला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव तू शाळेत पाठ केले आहेस आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी कोणाला मिळतो हेही तुला ठाऊक असते. मी तुला त्यांची दुसरी ओळख करून देणार आहे. ते मुळात आपल्यासारखेच छापखानेवाले होते, आणि त्यांनी जो कारखाना काढला तो त्यांच्या राहत्या घरात होता.

चाळीस वर्षांचे होईपर्यंत या माणसाने किती उद्योग केले ते पाहा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते १८८५ साली दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. गोध्र्याला छायाचित्रकाराचे दुकान थाटले, आणि तिथेच प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. पुढे १९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. माहेरची गिरिजा करंदीकर फाळक्यांच्या घरात सरस्वती झाली. पुरातत्त्व खात्यात नकाशे आणि रेखाचित्रे काढण्याची नोकरी त्यांनी काही काळ केली आणि स्वदेशीच्या दिवसांत ती सोडून छपाईचा कारखाना काढला, आधी लोणावळ्याला आणि मग दादरला. रंगीत छपाईची नवी यंत्रे आणि तंत्र आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. कारखाना नावारूपाला आला तोच भागीदाराशी बिनसले, आणि स्वतःच्या हाताने उभारलेल्या कामातून ते बाहेर पडले. हे बिनसणे लक्षात ठेव, पुढे त्याविषयी लिहायचे आहे.

या सगळ्या उलाढालीत त्यांचा एक नाद कायम होता, आणि चरित्रकार तो बहुधा एका ओळीत उरकतात. तो नाद जादूच्या प्रयोगांचा. बडोद्याच्या काळात एका जर्मन जादूगाराकडून ते ही विद्या शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने त्यांनी प्रयोग केले. पुढे चित्रपट काढू लागल्यावर त्यांनी प्रोफेसर केळफाची जादूही पडद्यावर आणली. तुझ्या त्या सल्लागाराने हा फावल्या वेळेतला पोरखेळ मानला असता. मला त्यात त्यांच्या उद्योगाचे मूळ दिसते. जादूगाराला रोज संध्याकाळी समोरच्या माणसाचे डोळे कुठे वळतात, तो कधी कंटाळतो, कधी श्वास रोखतो, हे पाहावे लागते, आणि चूक झाली तर त्याच क्षणी सावरून हसतमुखाने पुढे जावे लागते. गिऱ्हाईक ओळखण्याचे असे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही. तुझ्या नकला आणि तुझ्या मैफली तू याच दृष्टीने पाहाव्यास, असे मला मनापासून वाटते.

चित्रपटाचे वेड त्यांना लागले ते १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन ते खेळ पाहायला गेले. मुलाने घरी येऊन पडद्यावर हलणाऱ्या प्राण्यांचे वर्णन केले, तेव्हा आईचा त्यावर विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब गेले आणि त्या दिवशी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट होता. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना फाळक्यांच्या डोळ्यांपुढे आपले राम आणि कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मला अधिक मोलाची वाटते ती सरस्वतीबाईंनी नंतर सांगितलेली आठवण. ही चित्रे कशी करतात, असे त्यांनी विचारले, आणि नवऱ्याने उत्तर दिले की तुलाही सगळे कळेल, कारण ती आपणच आपल्या घरी करणार आहोत. पहिला विचार मनात आला त्याच दिवशी तो पत्नीसमोर बोलून दाखवला गेला. भांडवलदाराला, मित्राला किंवा वकिलाला तो नंतर समजला.

त्यानंतरचे दिवस घरासाठी सोपे नव्हते. एक लहानसा प्रक्षेपक आणि काही फिती विकत घेऊन ते रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रे पाडत, दिवसा चित्रपटगृहात जाऊन बसत आणि झोप जवळजवळ घेतच नसत. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांना दिसेनासे झाले आणि डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. मग पैशांचा प्रश्न आला. १२,००० रुपयांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी १०,००० रुपये कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे ‘बायस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ओळखदेख नसताना जाऊन भेटले. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र मागवले, आणि १ एप्रिलला ते परत मुंबईत दाखल झाले. सगळे मिळून दोन महिने. पाहण्यासाठी गेलेला माणूस नेमके काय पाहायचे हे ठरवून गेला, तर दोन महिने पुरतात.

आल्यावर चित्रपटासाठी पैसा उभा करायचा होता आणि चित्रपट म्हणजे काय हेच सावकाराला ठाऊक नव्हते. फाळक्यांनी लांबलचक अहवाल लिहिला नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर रोवून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी फीत उघडली, आणि बी रुजून वेल वर चढते हे काही क्षणांत पडद्यावर घडवून दाखवले. ही खरोखर जादूगाराची रीत होती. पाहणाऱ्याने आ वासला आणि थैली सैल केली. तू बँकेत जाशील तेव्हा ताळेबंदाचे कागद अवश्य ने, पण त्यांच्याबरोबर तुझ्या हाताने कापून, चिकटवून तयार केलेले एक सुबक खोके साहेबांच्या टेबलावर ठेव आणि ते उघडण्याची संधी त्यांना दे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, हे सर्वजण सांगतात आणि त्याचे कौतुक करतात. नवऱ्याच्या धंद्यासाठी दागिने देणाऱ्या बायका महाराष्ट्रात त्यापूर्वीही होत्या आणि आजही आहेत. फाळक्यांचे वेगळेपण याच्या पुढे सुरू होते. त्या काळी कच्ची फीत भोकांविना येत असे. कॅमेऱ्यातून ती पुढे सरकायची तर तिच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर भोके पाडावी लागत. फितीला उजेड लागला की ती वाया जाते, म्हणून हे काम पूर्ण अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने करायचे. दोन भोकांमधले अंतर थोडे जरी चुकले तरी पडद्यावरचे चित्र उड्या मारू लागते. हे काम फाळक्यांनी पत्नीला शिकवले. रसायनांची मिश्रणे करणे, फीत धुणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात तासन्तास पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडणे, ही कामेही त्यांनी केली, आणि याखेरीज साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधला. त्या घरात मुले लहान होती. दिवसभराचे काम उरकल्यावर रात्री ती अंधारी खोली.

ही ओळ वाचून माझ्या मनात दोन भावना येतात आणि त्या दोन्ही तुला सांगितल्या पाहिजेत. सरस्वतीबाईंवर किती भार पडला असेल, ही पहिली. स्वयंपाकासाठी एखादी बाई ठेवता आली असती तर बरे झाले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही. दुसरी अशी, की एका भिक्षुकी परंपरेच्या घरातल्या सुनेला १९१२ साली तिच्या नवऱ्याने यंत्र, रसायन आणि कॅमेरा यांचे ज्ञान दिले, आणि तिनेही ते आवडीने घेतले. जोखीम उचलणाऱ्या माणसाला त्यांनी कामाचे मर्म सांगितले, त्यातला आनंद दिला. आपल्याकडे बहुतेक उद्योगांत याच्या उलट चालते. कर्जाला जामीनदार म्हणून पत्नीची सही हवी असते, घराच्या तारणावर तिचे नाव असते, पण कारखान्यात काय तयार होते, एका नगामागे काय सुटते, कोणाकडून किती येणे आहे, यांतले तिला काहीही ठाऊक नसते. वाईट दिवस आले की तिला एकदम सगळे कळते आणि तेव्हा तिच्या हाती काहीच करण्यासारखे उरलेले नसते.

म्हणून बँकेच्या कागदांवर सौ.ची सही घेण्याआधी तिला गाळ्यावर ने. यंत्र कसे चालते, प्लेट कशी बसते, एका रिममधून किती कागद वाया जातो, हे समजावून सांग. तिची नोकरी आहे आणि तिने ती सोडावी असे मी मुळीच म्हणत नाही. सरस्वतीबाईंच्या काळाची ओझी आजच्या मुलीवर लादण्याचे काही कारण नाही. पण महिन्यातून एकदा दोघांनी जमाखर्चाची वही समोर घेऊन बसावे आणि तिने प्रश्न विचारावेत. तिला पटले नाही तर ते काम करू नये, असा निदान मोठ्या रकमांपुरता तरी नियम ठेव.

कामाच्या जागेवर हसू असावे की नसावे, यालाही फाळक्यांच्या कारखान्यातच उत्तर सापडते. दादरच्या बंगल्यात पहिल्या चित्रपटाचे काम चालले तेव्हा चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असे सांगा, अशी सूचना फाळक्यांनी नटांना दिली होती. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत स्वयंपाकघरात काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक हातांचा तरुण त्यांना दिसला. त्याला तिथे महिना १० रुपये मिळत आणि फाळक्यांनी १५ देऊ केले. स्त्रीभूमिका करणाऱ्यांनी मिशा काढायच्या म्हटल्यावर वाद झाला, कारण वडील हयात असताना मिशी उतरवणे अशुभ मानत, आणि तोही त्यांनी समजावून मिटवला.

वांगणीचा प्रसंग तर तुझ्या सल्लागाराला मुद्दाम सांगावा असा आहे. बाहेरच्या चित्रीकरणासाठी मंडळी ढाली-तलवारींसह पुढे गेली आणि फाळके मागाहून यायचे होते. गावकऱ्यांना वाटले की दरोडेखोरांची टोळी उतरली. पाटलाने वर्दी दिली, फौजदार आला आणि सगळ्या राजदरबाराला त्याने ताब्यात घेतले. फाळके पोहोचल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही, ओळखी सांगितल्या नाहीत, हात जोडून गयावयाही केली नाही. कॅमेरा उभा केला, त्यात फीत न घालताच, आणि फौजदारासमोर नटांकडून एक प्रवेश करवून चित्रीकरण कसे होते ते साग्रसंगीत दाखवले. फौजदाराची खात्री पटली आणि मंडळी सुटली. संकटात ज्याला खेळ सुचतो, त्याच्या हाताखालची माणसे घाबरत नाहीत. साहेबांची तपासणी, माल परत येणे, ऐन दिवाळीच्या तोंडावर यंत्र बंद पडणे, हे सगळे तुझ्या वाट्याला येणार आहे. त्या वेळी कामगार आधी तुझ्या चेहऱ्याकडे पाहतील.

‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे सात महिन्यांत पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. लांबी ३,७०० फूट. तो सुरतेला गेला तेव्हा मात्र गल्ला भरेना, पहिल्या दिवशी ३ रुपये जमल्याचे सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला तीन आण्यांत तासाभराचा खेळ महाग वाटत होता. तिकीट कमी करा, असा सल्ला मिळाला. फाळक्यांनी जाहिरातच बदलली आणि तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र पाहायला मिळेल असे लोकांना सांगितले. गर्दी लोटली. दर न उतरवता गिऱ्हाइकाला आपल्या मालाकडे पाहण्याची नवी नजर देणे, हे ज्याला हसतहसत जमते त्याला उद्योग जमतो. दोन मैल हे माप बरेच सढळ हाताचे होते, आणि त्यात मी तुला त्यांचे अनुकरण करायला सांगणार नाही. खोक्याची जाडी जेवढी असेल तेवढीच सांग.

येथवरचा वृत्तांत गोड आहे. पण एखाद्या माणसाचे स्मरण करायचे तर त्याच्या आयुष्यातले जे आपल्या गळी उतरत नाही तेही समोर ठेवले पाहिजे. पहिल्या चित्रपटात रोहिदासाचे काम भालचंद्रानेच केले होते. चित्रीकरण चालू असताना तो खडकावर पडला, डोक्याला मार लागला आणि तो बेशुद्ध झाला. फाळक्यांनी जवळच्या औषधांनी तातडीने उपचार केले. मुलगा बरा होईपर्यंत काम थांबवावे, असे बरोबरच्यांनी सुचवले. त्या दिवशी रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य घ्यायचे होते, आणि फाळक्यांनी मुलगा शुद्धीवर आलेला नसतानाच ते दृश्य पुरे करून घेतले, असे नमूद आहे. ध्येयनिष्ठेचा दाखला म्हणून हा प्रसंग व्याख्यानांतून सांगितला जातो. मला तो तसा सांगता येत नाही. खर्च चालू होता, पुन्हा मंडळी जमवणे अवघड होते, सगळे मान्य आहे. तरीही त्या दुपारी बाप मागे सरला आणि कारखानदार पुढे आला, असेच मी म्हणेन. फाळक्यांचे मुलांवर प्रेम नव्हते असा याचा अर्थ कोणी काढला तर तो चूक ठरेल. घर आणि कारखाना एका छपराखाली आणले की कोणत्या क्षणी कोणती टोपी डोक्यावर आहे याचे भान सुटू शकते, आणि ते इतक्या मोठ्या मनाच्या माणसाचेही सुटले, एवढेच मला तुझ्या ध्यानात आणून द्यायचे आहे. तुला मूल झाले आणि ते गाळ्यावर खेळायला येऊ लागले, तर कापणीच्या यंत्राजवळ त्याला कधी उभे करू नकोस, मग काम कितीही तातडीचे असो.

याच बापाचे दुसरे रूप पाहायचे असेल तर ‘कालिया मर्दन’ पाहा. हा चित्रपट १९१९ चा आहे, त्याचा बराचसा भाग आजही टिकून आहे, आणि त्यात बाळकृष्णाचे काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक पाटी येते, की सात वर्षांच्या मुलीने केलेला हा मुद्राभिनयाचा अभ्यास आहे. मग ती मुलगी एकामागून एक भाव दाखवते आणि तिचाच चेहरा कृष्णाच्या वेशात आपल्यासमोर येतो. कथेच्या दृष्टीने या प्रास्ताविकाची काही गरज नव्हती. त्या काळात फूट-फूट फितीचा हिशेब असे, तरीही फाळक्यांनी ही लांबी खर्च केली, कारण एका बापाला आपल्या लेकीचे कौतुक साऱ्या देशाला दाखवायचे होते. पुढे कथेत ती खोड्या काढते, लोणी पळवते, पाण्याखाली कालियाशी झुंजते, आणि कुठेही बुजलेली वाटत नाही. कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस आपला आहे, हसतो आहे, हे ठाऊक असलेल्या मुलाचाच चेहरा असा मोकळा असतो. फाळक्यांच्या गृहस्थाश्रमाविषयी मला जेवढे म्हणून सांगता येईल, त्याहून ही काही मिनिटे अधिक सांगतात.

१९१३ मध्येच त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवले. इथेच त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला, आणि त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली, तेव्हा भारतीय पडद्यावर प्रथमच स्त्रिया आल्या. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून काम करण्याचे निमंत्रण त्यांना मिळाले, ते नाकारून ते परतले. १९१७ च्या ‘लंकादहन’ने पैशांचा पाऊस पाडला. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या होत्या. या चित्रपटाचा गल्ला नाण्यांच्या पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावा लागल्याच्या गोष्टी जुने लोक सांगत.

आणि मग भागीदार आले. भांडवल वाढवण्यासाठी १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. पैसा भागीदारांचा आणि निर्मिती फाळक्यांची, अशी वाटणी होती. थोड्याच काळात खर्च किती करावा, चित्रपट किती दिवसांत द्यावा, शेवटचा शब्द कोणाचा, यावरून खटके उडू लागले. फाळके एवढे उद्विग्न झाले की कंपनी सोडून कुटुंबासह काशीला निघून गेले आणि तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. काही काळाने ते कंपनीत परत आले आणि त्यांनी पुष्कळ चित्रपट केले, पण पूर्वीचा तो मोकळेपणा परत आला नाही.

छापखान्यात बिनसले होते तेच इथे पुन्हा बिनसले. दोन्ही वेळा भागीदार दुष्ट होते असे म्हणण्यास मला आधार दिसत नाही. पैसा घालणाऱ्याला हिशेब विचारण्याचा अधिकार असतोच. माझ्या समजुतीप्रमाणे फाळक्यांनी पत्नीला जे दिले ते भागीदारांना दिले नाही. सरस्वतीबाईंना त्यांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन कामाचे मर्म शिकवले होते, त्यामुळे एखादी गोष्ट पुन्हा का करावी लागते, फीत का वाया जाते, हे त्यांना सांगावे लागत नसे. भागीदारांना फक्त आकडे दिसत आणि आकडे वाढताना दिसले की ते घाबरत. शिवाय हिशेब ठेवण्याची फाळक्यांना आवड नव्हती. आवड नसणे क्षम्य आहे, पण मग ते काम आवड असलेल्या विश्वासू माणसाकडे पहिल्या दिवसापासून सोपवायला हवे आणि त्याचे ऐकायलाही हवे. तुझे दोन मित्र भांडवल घालणार आहेत असे तू लिहितोस. त्यांनाही गाळ्यावर आण, त्यांच्या हाताला शाई लागू दे. निर्णय कोणत्या रकमेपर्यंत तू एकट्याने घ्यायचा, नफा किती वर्षे काढायचा नाही, आणि कोणाला बाहेर पडायचे झाले तर त्याचा वाटा कसा मोजायचा, हे मैत्री घट्ट असतानाच कागदावर लिहून ठेवा. जो वेगळा होतो त्याला वाईट ठरवल्याशिवाय वेगळे होता यावे, अशी तरतूद करारात असली पाहिजे.

शेवटची वर्षे मी थोडक्यात सांगतो. बोलपट आले आणि फाळक्यांची तऱ्हा जुनी झाली. १९३७ साली कोल्हापूरला त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला आणि तोच अखेरचा ठरला. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने जमवून दिलेल्या रकमेतून त्यांना नाशिकला घर बांधता आले. ज्याच्या चित्रपटांचा गल्ला पोत्यांनी मोजला जात होता, त्याच्या म्हातारपणासाठी वर्गणी करावी लागली. महायुद्धाच्या काळात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. त्या वयातही त्यांनी अर्ज केला, तो नाकारला गेला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्र्याहत्तराव्या वर्षी अर्ज करणारा माणूस हरलेला नव्हता, असे मी मानतो. पण सरस्वतीबाईंनी अर्धे आयुष्य ज्या कारखान्याला दिले त्यातून त्यांच्या नावावर वेगळे असे काही बाजूला पडले असते, तर मला त्यांच्या आनंदी संसाराचे स्मरण अधिक निर्धास्तपणे करता आले असते.

तेव्हा एक गोष्ट माझ्या आग्रहाखातर कर. धंद्याचा विमा आणि घराचा विमा वेगळा ठेव, घराच्या विम्यावर कर्ज काढू नकोस, आणि पहिला नफा दिसला त्या महिन्यापासून, रक्कम लहान का असेना, सौ.च्या नावे वेगळ्या खात्यात जमा करत जा. त्या खात्याला कारखान्याच्या कोणत्याही अडचणीत हात लावायचा नाही, हे दोघांनी ठरवा. कामगारांसमोर हसावे की नाही याची चिंता सोडून दे. हजेरी आणि पगार वेळेवर ठेव, दोष एकट्याला बाजूला घेऊन सांग, आणि दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की सगळ्यांची कुटुंबे बोलावून तुझ्या नकलांचा कार्यक्रम होऊ दे.

भागीदारीच्या करारनाम्याचा मसुदा वकिलाकडून आला की सही करण्यापूर्वी माझ्याकडे पाठव. पाठवण्याआधी तो सौ.ला वाचायला दे आणि तिच्या शंका तिने स्वतःच समासात लिहाव्यात. कलम समजले नाही तर तसेही लिहावे, त्यात संकोच नको. मी त्या शंकांना एक एक करून उत्तर देईन आणि मगच आपण बँकेची तारीख ठरवू.

आई-वडिलांना नमस्कार, सौ.ला अनेक आशीर्वाद.

तुझा हितचिंतक,
काका